पाट्या वाचणारी चेकरबाई

“मला मागच्या सीटवर मळमळतं, हे तुला आज नव्याने सांगायचं का, दादा?” नणंदेने गाडीचं पुढचं दार असं घट्ट धरलं होतं, जणू कोणी ते उपटून न्यायला आलं होतं. “आजवर कधी मागे बसलेय मी?”

“म्हणून म्हणतोय, एकदा बसून बघ.” दादा समोरची काच पुसत होता. काच लख्ख होती, तरी पुसत होता. “मागे ऐसपैस जागा आहे. आडवी झालीस तरी चालेल.”

“आडवं व्हायला मी काय आजारी आहे? हे तुझ्या डोक्यातलं नाही. वहिनीने सांगितलं ना?”

“मी?” वहिनी हातात डब्यांची पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती. “वन्सं, सकाळपासून मी तोंड तरी उघडलंय का?”

“तेच तर. तोंड न उघडता करून घेणाऱ्यांतली आहेस तू.”

“बास झालं,” दादा म्हणाला. “ही पुढे बसेल. तू मागे. निघायचंय की इथेच मुक्काम करायचाय?”

नणंद दाणकन मागे जाऊन बसली. दोन फुगलेल्या बॅगा तिने शेजारी ठेवल्या, पर्समधून लिंबू काढलं आणि ते नाकाशी धरून डोळे मिटून घेतले. गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

वहिनी पुढे बसली खरी, पण तिला सीट टोचायला लागली. लग्न झाल्यापासून तिच्या नवऱ्याने तिला काही आपणहून दिलं असेल तर ते म्हणजे सर्दी. आणि आज सख्ख्या बहिणीशी भांडून पुढची जागा? यात काहीतरी होतं.

संशय हा तिचा स्वभाव नव्हता, धंदा होता. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं, चेकर म्हणून. शिवून आलेल्या शर्टांचा ढीग तिच्यासमोर पडायचा. ती एकेक शर्ट उचलायची, आधी उलटा करायची, शिवण दोन्ही बाजूंनी ताणायची, बटण पिळून बघायची, मगच सुलटा करून पुढे सरकवायची. नवीन मुली शर्ट सुलटाच बघायच्या, तेव्हा ती म्हणायची, “बाहेरून सगळेच शर्ट सज्जन असतात गं.” तिथे सगळे तिला चेकरबाई म्हणायचे. सुपरवायझरही वस्ताद होता. चेकर जागी आहे की नुसते हात हलवतेय हे बघायला तो मधूनच ढिगात मुद्दाम एक बिघडलेला शर्ट सारायचा. त्याला सगळे चोरपीस म्हणायचे. चेकरबाईच्या हातून चोरपीस कधी सुटला नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि कारखाना सुटला. नजर मात्र सुटली नाही. दूधवाला हसून बोलला की ती दूध दोनदा बघायची. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळ्यांनी त्याचा चेहरा बघितला, हिने कॉलरची आतली बाजू बघितली. स्वच्छ होती. मग तिने लग्नाला हो म्हटलं.

तिची दुसरी खोड म्हणजे मोठ्याने वाचणं. शाळा लवकर सुटली होती. न वापरलेली अक्षरं गंजतात, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं, आणि तिने ते मनावर घेतलं होतं. त्यामुळे दिसेल ती पाटी ती वाचायची. औषधाच्या बाटलीपासून ट्रकच्या पाठीपर्यंत काही सुटायचं नाही. नवऱ्याला याचा भयंकर राग. तो जन्मभर पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचा. शहरातली गल्ली न् गल्ली त्याला पाठ. ही वाचायला लागली की तो म्हणायचा, “अगं, आम्हालाही देवाने डोळे दिलेत.” हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं, की पाटी वाचून झाली की ती त्या वाक्यासाठी थांबायची.

आजही थांबली. शहर संपलं, नवा रुंद रस्ता लागला, आणि न राहवून तिने पहिली पाटी वाचली. “‘वाहने सावकाश हाका.’”

मागे लिंबू हुंगण्याचा आवाज. शेजारी शांतता.

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “हं. अजून काय लिहिलंय?”

“अजून काही नाही. बाण आहे.”

“कुठल्या बाजूला?”

“डावीकडे.”

“वाच, वाच. तू वाचलंस की प्रवास कसा भरभर होतो.”

चेकरबाईने पदर सावरला आणि जरा दाराकडे सरकली. इतक्या वर्षांचा नवरा गोड बोलायला लागला की बाईने एक तर डॉक्टर गाठावा, नाही तर वकील.

लेकीचं गाव लांब होतं. नातीला शाळेची सुट्टी लागली होती; लेकीकडे चार दिवस राहायचं आणि येताना नातीला घेऊन यायचं, असा बेत होता. साधा, सरळ बेत. तिने तो मनातल्या मनात उलटा करून बघितला. शिवण कुठे उसवली होती? तिची नजर आरशातून मागच्या बॅगांवर गेली. चार दिवसांसाठी दोन बॅगा? नणंदेला नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. घर स्वतःचं होतं तिचं, पण एकटीला करमत नाही असं ती हल्ली फोनवर सारखं म्हणायची. भाऊ ‘हं, हं’ करायचा. आता चेकरबाईला सगळं स्वच्छ दिसलं. ही परतीला आपल्याच घरी उतरणार, आणि कायमची. बहीणभावाचं ठरलंय, आणि आपल्याला आधीच पुढच्या सीटवर बसवून तोंड गोड केलंय.

“वन्सं,” ती मान न वळवता म्हणाली, “बॅगा जड दिसतायत.”

“तुझ्या मांडीवर ठेवल्यात का?”

“नाही, म्हटलं, चार दिवसांना पुष्कळ होतात.”

“माझे कपडे मोजायला लागलीस?” नणंदेने एक डोळा उघडला. “दादा, बघितलंस ना? काय पाजलंस गं माझ्या भावाला? आयुष्यात कधी त्याने मला मागे बसवलं नाही.”

म्हणजे एकाच गाडीत दोघी एकमेकींवर संशय घेत होत्या, आणि ज्याच्यावर घ्यायचा तो मधोमध स्टिअरिंग धरून बसला होता.

चेकरबाई वाचत राहिली. रस्ताही वाचण्यासारखा होता. ‘पुढे काम चालू आहे’ अशी पाटी होती आणि पुढे दोन माणसं एका फावड्याला टेकून गप्पा मारत होती. ‘येथे बसू नये’ या पाटीचा तेवढाच काय तो आडोसा होता, म्हणून तिच्याच सावलीत एक कुटुंब डबा खात बसलं होतं. एका ओसाड माळावर ‘आपल्या स्वप्नातील घर’ लिहिलेला भलामोठा फलक, आणि त्याच्या खांबाला एक शेळी बांधलेली. स्वप्न बहुतेक तिचं होतं. मग दोन हॉटेलं लागली, समोरासमोर. एकावर ‘अस्सल आणि जुने’, दुसऱ्यावर ‘आम्हीच जुने’.

“‘शुद्ध तुपातले,’” तिने वाचलं. “आपणहून शुद्ध सांगतोय म्हणजे बघा.”

“खरंय,” नवरा म्हणाला.

तो तिला ‘खरंय’ म्हणाला! आता मात्र तिला भीतीच वाटली. बॅगांपेक्षा मोठं काहीतरी असणार. घर विकायला काढलं की काय? ती वाचायची थांबली आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला लागली. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत तपासलं. चेहरा नेहमीसारखाच, दाढी मात्र गालावर एका पट्ट्यात राहून गेलेली. हा माणूस दाढीच्या बाबतीत भारी चोख.

“वाच ना,” तो म्हणाला. “गप्प का झालीस?”

“दमले.”

त्याने काचेवरून एकदा फडकं फिरवलं. तिने समोर बघितलं आणि किंचाळली.

“अहो, रस्ता बंद आहे!”

ब्रेक करकचून लागला. नणंदेचं लिंबू पुढे येऊन काचेखाली आदळलं. गाडीच्या नाकापासून हातभर अंतरावर पिवळे पिंप आडवे मांडलेले होते आणि त्यांच्यावर माणसाच्या उंचीची पाटी होती. ‘रस्ता बंद. उजवीकडून जा.’ पलीकडे खणलेला खड्डा. खड्ड्यातून एक कामगार डोकं वर काढून या तिघांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

“काम कुठवर आलंय ते बघत होतो,” नवरा म्हणाला.

“गाडीसकट उतरून बघणार होतास?” नणंद म्हणाली. “माझं लिंबू द्या.”

चेकरबाईने लिंबू उचलून मागे दिलं. एवढी मोठी पिवळी पाटी. आंधळ्यालाही...

तिथे ती थांबली. मग तिचे हात मांडीवर आपोआप हलायला लागले, शर्ट उलटा करताना हलायचे तसे. सारखी सारखी पुसलेली काच. गालावर राहून गेलेली दाढी. पेपरात सगळं खोटंच असतं म्हणून हल्ली बंद केलेला पेपर. ‘तू वाचलंस की प्रवास कसा भरभर होतो.’ शहरात याला काही अडायचं नाही. तिथे याचे हातपायच रस्ता ओळखतात. पण हा रस्ता नवा होता. आणि मागची सीट नणंदेला का, तेही आता उलगडलं. नणंद गाडीत डोळे मिटून बसते. डोळे मिटलेलं माणूस पुढे बसवून काय उपयोग?

तरीही नुसत्या अंदाजावर शर्ट बाद करायचा नाही, हा तिचा नियम. दोष बोटाला लागला पाहिजे.

वळसा घालून ते पुन्हा मोठ्या रस्त्याला लागले. रस्ता सरळसोट, गुळगुळीत, मागेपुढे कोणी नाही. चेकरबाईने आरशात बघून खात्री केली. मग नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या सुरात म्हणाली, “‘पुढे गतिरोधक आहे.’”

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. पायाकडे बघितलं.

पाय ब्रेकवर गेला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि काहीच नसलेल्या रस्त्यावरून अलगद, जपून पुढे गेली.

“कुठे होता गतिरोधक?” नणंदेने विचारलं. कधी नव्हे ते तिचे डोळे उघडे होते.

“होता,” दादा म्हणाला. “लहान होता.”

चोरपीस पकडला की चेकरबाईला दिवसभर छान वाटायचं. आज तळहातांना घाम फुटला. तिने ते साडीला पुसले.

“मला चहा हवाय,” ती म्हणाली. “डाव्या हाताला हॉटेल आहे. आता वळा. हळू. अजून थोडं. बास.”

नणंद तोंड धुवायला गेली, तेव्हा दोघं गाडीला टेकून उभे होते. हातात चहाचे ग्लास. त्याने ग्लास गाडीच्या टपावर ठेवला, नीट, आधी हाताने जागा चाचपून.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय कधीपासून?”

“गतिरोधक नव्हता.”

त्याने टपावरचा ग्लास पुन्हा हातात घेतला. “खोटं वाचलंस तू?”

“हो.”

“तू कधी खोटं वाचत नाहीस.”

“म्हणूनच तुम्ही थांबलात.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली, ट्रक गेल्यानंतर.

“धुकं पडल्यासारखं दिसतं,” तो म्हणाला. “जवळचं कसंबसं भागतं. लांबचं सगळं दुधात बुडवल्यासारखं. शहरात काही त्रास नाही होत गं. मला वाटलं, हाही रस्ता ओळखीचाच असेल, अडलंच तर शेजारी तू आहेस. हे रुंदीकरण कधी केलं देव जाणे.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं तर तो पहिलं काय सांगणार? गाडी बंद कर म्हणून. मग मी करू काय दिवसभर? तुझ्यासारखा दूध तपासत बसू?”

दुसऱ्या एखाद्या वेळी तिने याचं सव्याज उत्तर दिलं असतं. आता तिने ग्लास खाली ठेवला.

“लेकीकडे बोलू नकोस,” तो म्हणाला. “आणि हिला तर मुळीच नको. गावभर करेल. आता थोडंच राहिलंय. तू वाच, मी चालवतो. आजवर आलोच ना?”

 या माणसाचा सगळा ताठा त्या एका चाकाला गुंडाळलेला होता, हे तिला माहीत होतं. पाव वाटणं बंद झाल्यावर महिनाभर तो बापुडवाणा हिंडत होता. मग ही जुनी गाडी घेतली आणि पुन्हा माणसात आला. कोणाला भाजी आणून दे, कोणाला दवाखान्यात सोड. घरी जाऊन याला गोडीगुलाबीने डॉक्टरकडे न्यावं, कोणाला कळायचं कारण नाही, असं तिने ठरवलं. शर्टाला डाग असला तर तो आधी धुऊन बघायचा असतो. लगेच चौकात वाळत घालायचा नसतो.

पुढचा रस्ता तिने अक्षरशः वाचून काढला. विटांनी भरलेला एक ट्रक सापडला, त्याच्या मागे तिने गाडी ठेवायला लावली. “याला सोडू नका. हा जाईल तसं जायचं.” ट्रक रडतखडत चालला होता, गाडीही रडतखडत.

“पुढे सायकलवाला. लाल शर्ट. डावीकडे आहे, सरळ जातोय. आता एक बाई, डोक्यावर गवत. कुत्रं. बसलंय. उठलं. पुन्हा बसलं.”

“ही काय कॉमेंट्री लावलीस?” नणंद मागून म्हणाली. “पाट्या संपल्या म्हणून आता कुत्री वाचायला लागलीस?”

“करमत नाही म्हणून.”

“आणि त्या ट्रकला ओलांड ना, दादा. माझ्या तोंडात विटांची धूळ जातेय. पावाची गाडी तू अशी चालवली असतीस तर लोकांनी शिळेच पाव खाल्ले असते.”

 दादाचे दोन्ही हात चाकावर पांढरे पडले होते, आणि बायको ‘डावीकडे’ म्हणाली की तो डावीकडे जात होता. लग्नानंतर इतकं तिचं त्याने कधीच ऐकलं नव्हतं. एरवी ती सुखावली असती.

लेकीच्या दारात गाडी थांबली, तेव्हा चेकरबाईचा घसा बसला होता. नात धावत आली आणि आजोबांना बिलगली. जावयाने बॅगा उचलल्या. नणंदेने आत जाऊन त्या तिथल्या तिथे उघडल्या, आणि दोन्हींतून निघाल्या त्या नातीसाठी विणलेल्या बाहुल्या, बाहुल्यांचे कपडे, बाहुल्यांची पांघरुणं. एकटीला करमत नाही तेव्हा ती हेच करत होती. चेकरबाईला जरा ओशाळल्यासारखं झालं. जरासंच. बॅगेच्या तळाशी काय आहे हे तिने नजरेने एकदा बघून घेतलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. लेक वाढत होती. नात आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि एका हाताने बिस्किटाचा रिकामा पुडा धरून वाचत होती. “कु... र... कु... री... त. कुरकुरीत!”

“वाचायला लागली?” आजोबांनी विचारलं.

“या वर्षीच,” लेक कौतुकाने म्हणाली. “आता सारखं वाचते. आईवर गेलीय. रस्त्यावरची एक पाटी सोडत नाही.”

“अरे वा!” त्याचा चेहरा एकदम उजळला. सकाळपासून पहिल्यांदा. “मग काय, जाताना आजोबांच्या शेजारी पुढे बसायचं. सगळ्या पाट्या मला वाचून दाखवायच्या. जमेल?”

“जमेल!” नात म्हणाली. “पण जोडाक्षरं नाही येत.”

“नाही आली तर सोडून द्यायची. चालतं आपल्याला.”

“आणि मी परत मागेच?” नणंदेने विचारलं.

सगळे हसले. जावईही हसला. चेकरबाईचा घास हातातच राहिला. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काही पाप नव्हतं. तेच तर वाईट होतं. त्याने खरोखर तोडगा काढला होता. बायकोला कळलंय, ती डॉक्टरचा लकडा लावणार. मग ही चिमुरडी आहेच, अक्षर लावून लावून वाचणारी. ‘रस्ता बंद’ यातला ‘स्ता’ तिला लागेपर्यंत गाडी खड्ड्यात गेलेली असेल.

“आई, काय झालं? मीठ कमी आहे का?” लेकीने विचारलं.

“अगं,” नवरा हळूच म्हणाला. तिला काय होतंय ते त्याला दिसलं असावं. ती जवळ बसली होती. “अगं, नंतर बोलू आपण.”

“काय नंतर?” नणंदेने कान टवकारले. “मला सकाळपासून संशय होताच, तुम्हा दोघांचं काहीतरी शिजतंय.”

चेकरबाईने घास ताटात ठेवला. उठली, खुंटीला अडकवलेल्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि ती जावयाच्या ताटाशेजारी ठेवली.

“ही तुमच्याकडे ठेवा,” ती म्हणाली. आवाज बसलेला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. “यांना लांबचं दिसत नाही. इथवर मी पाट्या वाचून गाडी आणलीय. गाडी आता तुमच्या दारातच राहील. उद्या सकाळी मी यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे, आणि चार दिवसांनी आम्ही सगळे, नातीला घेऊन, बसने जाणार आहोत.”